शपथ दुसऱ्याच्या नावाची

पाटण,
रविवार रात्र

प्रिय मनू,

तुझा मेसेज वाचून आठ दिवस झाले. "बाबा, मी पॅथॉलॉजी घेतलं तर दवाखान्याचं काय?" एवढीच ओळ होती. फोनवर बोललो असतो तर "बघू गं, आधी रँक येऊ दे" म्हणून मी विषय पुढे ढकलला असता, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. आज पेशंटही कमी होते. पावसामुळे मोरगिरीकडच्या एसट्या आल्याच नाहीत.

या आठ दिवसांत मी तुझ्या खोलीतले कॉमिक्सचे गठ्ठे वाचून काढले. कपाटामागच्या भिंतीला ओल आली आहे, म्हणून ते बाहेर काढले होते. मग रोज जेवण झाल्यावर एकेक उघडत गेलो. त्यातली बरीचशी माणसं मला नवी होती. त्यांच्यापुढचा पेच मात्र नवा नव्हता: आधीचा माणूस गेला किंवा थकला, आता त्याची गादी कोणी चालवायची?

माझा या बाबतीतला पहिला गुरू वेताळ. तुला नाव माहीत आहे, पण तू तो वाचलेला नाहीस. लेखक ली फॉकचा फँटम अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत 1936 मध्ये सुरू झाला. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढली आणि तो आपल्याकडे महाबली वेताळ होऊन आला. कराडच्या एसटी स्टँडवर दोरीला अंक लटकवलेले असायचे. दादा, म्हणजे तुझे आजोबा, औषधं आणायला निघाले की मी हट्टाने बरोबर जायचो, आणि परतीच्या गाडीत पाटण येईपर्यंत माझा अंक दोनदा वाचून झालेला असायचा.

वेताळ मरत नाही अशी त्या जंगलातली समजूत. चारशे वर्षं तोच मुखवटा, तीच कवटीची अंगठी, तोच माणूस. खरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बाप मरतो, मुलगा त्याला गुहेत पुरतो आणि तोच पोशाख चढवून बाहेर येतो. आम्ही वाचायचो तो एकविसावा. त्याच्या आधीच्या विसांच्या कबरी गुहेत आहेत, आणि फळ्यांवर जाडजूड बाडं आहेत, ज्याची त्याने आपल्या हाताने लिहिलेली.

दवाखान्यातल्या लाल कापडी पुठ्ठ्यांच्या रजिस्टरांकडे बघताना मला नेहमी ती बाडं आठवत आली आहेत. 1991 च्या रजिस्टरात दादांच्या अक्षराखाली माझं अक्षर सुरू होतं, त्याच पानावर, पुढच्या ओळीत. अजूनही एखादी म्हातारी येते आणि सांगते, "डॉक्टर, भूकंपात माझ्या धन्याचा पाय तुमीच जोडलावता." 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट. कोयनानगर भुईसपाट झालं होतं आणि दादा तीन दिवस बत्तीच्या उजेडात जखमा शिवत होते. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, आईच्या मांडीवर. पण मी म्हातारीला कधी दुरुस्त केलं नाही. तिच्या लेखी खुर्चीतला डॉक्टर एकच होता, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आजही वाटतो, हे तुझ्यापासून लपवत नाही.

आता वेताळाच्या शपथेबद्दल. साल 1536. चाच्यांनी जहाज लुटलं, बाप डोळ्यांदेखत मारला गेला आणि मुलगा एकटाच वाहत किनाऱ्याला लागला. जंगलात राहणाऱ्या बांदार जमातीने त्याला जगवलं. पुढे बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली: चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या नाशासाठी मी माझं आयुष्य वाहीन, आणि माझी मुलं नि त्यांची मुलं माझ्यामागून हेच करतील.

हे वाक्य मी लहानपणी शंभरदा वाचलं असेल. दर वेळी अंगावर काटा यायचा. परवा रात्री ते पुन्हा मनात आलं आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की त्याचे दोन तुकडे आहेत. पहिला तुकडा त्याचा स्वतःचा. बाप त्याचा मेला होता, राग त्याचा होता, आयुष्य त्याचं होतं. दुसरा तुकडा त्याने जन्मालाही न आलेल्यांच्या नावावर लिहून टाकला. सावकाराच्या कागदावर आजा अंगठा उठवतो आणि नातू फेडत बसतो, तसं. एकविसावा लहान असताना त्याला शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवलं होतं. मुष्टियुद्धात, खेळांत नाव काढावं असा तो पोरगा. पण बाप मरणाच्या दारी आहे असा निरोप आला आणि तो सगळं टाकून परतला. त्याला कोणी विचारलं नाही, आणि वाचताना मलाही विचारावंसं वाटलं नाही.

मनू, मी तुझ्या बाबतीत हेच केलं आहे.

दादांच्या तेराव्याला अख्खं खोरं लोटलं होतं. तू सात वर्षांची होतीस. लोक म्हणत होते, आता डॉक्टरांच्या घराण्याचं पुढे काय. मी तुला मांडीवर घेतलं, दादांचा स्टेथोस्कोप तुझ्या गळ्यात घातला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "ही तिसरी." बायका रडल्या. कुणीतरी फोटोही काढला, तोच बैठकीत लावलेला आहे. तू त्यात हसते आहेस, कारण स्टेथोस्कोपची नळी तुला गार लागत होती. त्या दिवशी मी बोललो ते माझं नव्हतं, तुझं होतं. तुझ्या वतीने शपथ घेण्याचा मला काही हक्क नव्हता. गेली अठरा वर्षं ते वाक्य तुझ्या मागेमागे फिरत असणार. त्याबद्दल मला माफ कर.

आता तुझ्या गठ्ठ्यातल्या लोकांकडे येतो. वाऱ्यासारखा पळणाऱ्या फ्लॅशची गोष्ट मी तीन रात्री वाचत होतो. पहिला जे गॅरिक, 1940 चा. दुसरा बॅरी अ‍ॅलन, 1956 चा. मला सगळ्यात आवडलं ते हे की बॅरीला ती गादी कोणी दिलीच नाही. तो जे गॅरिकची कॉमिक्स वाचणारा पोलिस खात्यातला शास्त्रज्ञ. वीज पडून अंगात वेग आला तेव्हा त्याने वाचलेलं नाव आपल्याला घेतलं. रक्ताचा संबंध नाही, निरोप नाही, नुसता जीव जडलेला. तिसरा वॉली वेस्ट, आधी बॅरीचा पोरगेला साथीदार. 1985 मध्ये बॅरी जग वाचवताना मेला आणि वॉलीने त्याचा लाल पोशाख घातला.

आणि मग वॉलीला बॅरीइतकं पळताच येईना. वर्षानुवर्षं येईना. त्याचं कारण मार्क वेडने 1993 च्या कथेत उलगडून दाखवलं आहे. बॅरी परत आला असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात तो बॅरीच्या रूपातला त्याचा जुना वैरी असतो. त्याच्याशी झुंजताना वॉलीला कळतं की आपले पाय आपणच धरून ठेवले होते. मी बॅरीइतका वेगवान झालो तर बॅरीची जागा खरोखरच भरली जाईल, मग तो कायमचा गेला, ही भीती. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि ओट्यावर जाऊन बसलो. दादा गेल्यावर सोनोग्राफीचं मशीन घ्यायला मी अकरा वर्षं लावली. पैसे होते. दादांच्या बोटांना पोटावर हात ठेवून जे कळायचं ते मशीनला विचारायचं, हे मला दादांना पुसून टाकल्यासारखं वाटत होतं. त्या अकरा वर्षांत किती बायका सोनोग्राफीसाठी कराडपर्यंत हेलपाटे घालत राहिल्या. हे मी कुणाशी बोललो नव्हतो, तुझ्या आईशीसुद्धा नाही.

जेसन टॉडचं प्रकरण माझ्याने वाचवलं नाही. बॅटमनचा साथीदार, दुसरा रॉबिन. पहिल्याइतका तो लोकांना आवडेना, म्हणून 1988 मध्ये वाचकांनाच फोन करून ठरवायला सांगितलं की त्याला जगवायचं की मारायचं. मारा म्हणणारे 5,343, जगवा म्हणणारे 5,271. बहात्तर फोनांनी तो मेला. गादीवर बसलेल्याला गाव कसं मोजतं ते मी जाणतो, पण हे मला फारच निर्दय वाटलं. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

स्टारमॅनबद्दल मात्र लिहायचंच आहे. जेम्स रॉबिन्सनने 1994 मध्ये सुरू केलेली ही मालिका तू एवढी जपून का ठेवली आहेस ते आता कळलं. बाप टेड नाइट, खगोलशास्त्रज्ञ, ताऱ्यांची शक्ती खेचणारा कॉस्मिक रॉड त्याने स्वतः बनवलेला. दोन मुलगे. थोरल्या डेव्हिडला बापाचा पोशाख मनापासून हवा होता. तो घालतो आणि थोड्याच दिवसांत एका छपरावर गोळी लागून मरतो. धाकटा जॅक जुन्यापान्या वस्तूंचं दुकान चालवतो आणि त्याला या सगळ्याचा तिटकारा. शेवटी तो रॉड उचलतो, पण बापाला एक अट घालून. मी तुझं शहर राखीन, तू तुझं हे ज्ञान मारामारीतून काढून लोकांच्या उपयोगी वीज करण्यासाठी लाव. आणि बाप ते मान्य करतो! पोशाखही जॅक घालत नाही. चामड्याचं जाकीट, डोळ्यांवर गॉगल, छातीवर शेरीफचा बिल्ला, बस.

एकविसांतल्या एकाही वेताळाने बापाला अट घातल्याचं मला आठवत नाही. मीही दादांना कधी घातली नाही. मला फर्ग्युसनला जाऊन भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. ज्या भूकंपाने दादांना मोठं केलं तो मुळात झाला कसा, हे मला जाणून घ्यायचं होतं. बारावीच्या निकालाच्या दिवशी दादांनी मेडिकलचा फॉर्म पुढे ठेवला आणि मी सही केली. मी दुःखी झालो नाही, हे लक्षात घे. हे काम मला आवडलं. पण मी विचारलं असतं तर दादा काय म्हणाले असते, हे आता कधीच कळायचं नाही. जॅक आपल्या मेलेल्या भावाशी स्मशानात जाऊन बोलतो, ते रंग नसलेले अंक वाचताना माझ्या मनात दादाच होते.

कमला खानचे अंक आईने वाचले. जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरातली मुलगी, अंगात शक्ती येते तेव्हा पहिल्यांदा आपसूक तिच्या आवडत्या वीरनायिकेसारखी, कॅरोल डॅनव्हर्ससारखी गोरी, सोनेरी केसांची होते, आणि तसं होऊन तिला बरं वाटत नाही. आई म्हणाली, "मनू इंटर्नशिपला ओपीडीत बसून आली की अशीच दिसायची." मी तेव्हा गप्प बसलो. तू मागे म्हणाली होतीस की तुला पेशंटपेक्षा स्लाइड बोलकी वाटते. त्यावर मी हसलो होतो. हसायला नको होतं. आपल्या खोऱ्यातून बायोप्सी बाहेर जाते आणि रिपोर्टची वाट बघत माणसं कशी झुरतात, हे माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही.

स्टारमॅनचा शेवटचा अंक, 2001 चा, काल संपवला. जॅक शहर सोडून जातो आणि जाताना रॉड देतो कोर्टनी व्हिटमोरला. नाइट घराण्याशी तिचं काहीच नातं नाही. वाचून मी दिवा मालवला, पण झोप लागली नाही.

मागच्या महिन्यात मोरगिरीकडची एक मुलगी आली होती. एमबीबीएस झालेली, बाप ऊसतोड मुकादम. संध्याकाळी दवाखान्यात बसू का, असं विचारत होती. मी "कळवतो" म्हणालो होतो, कारण समोरची खुर्ची तुझी होती. आज सकाळी तिला फोन करून उद्यापासून ये म्हणून सांगितलं. ती खुर्ची आता कुणासाठी रिकामी ठेवलेली नाही. तुला कधी बसावंसं वाटलं तर आणखी एक आणू, आणि तेव्हा तुझ्या अटी आधी सांग. नाही वाटलं तर जिथे तुझा मायक्रोस्कोप असेल तिथे मी आणि आई येऊन चहा पिऊन जाऊ.

बैठकीतला तो फोटो काढायचा की ठेवायचा, ते तू सांगशील तसं करू. कॉमिक्स प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवली आहेत, ओल लागणार नाही. फॉर्म भरायची तारीख चुकवू नकोस.

तुझा,
बाबा