कागदात न गुंडाळलेल्या ट्यूबबद्दल

मेडिकलवाल्या ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीतलं दुकान आणि नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा, एवढीच ओळख. जानेवारीतली ती संध्याकाळ तुमच्या लक्षातही नसेल. माझ्या मनातून मात्र ती जात नाही.

माझी पाळी 48व्या वर्षी गेली. सलग बारा महिने आली नाही की मगच 'गेली' म्हणायचं, हेही मला उशिराच कळलं. निफाडचा पारा पाच-सहावर, अख्खं नाशिक रजईत, आणि मी पहाटे तीनला पंखा फुल्ल करून पलंगावर बसलेली. आमचे हे बिचारे कानटोपी घालून झोपायचे. ते घामाचं निभावून नेलं. पण खालची आग, कोरडेपणा, आणि यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला तरी माझं अंग चोरून घेणं, हे कुणाला सांगणार? दोन वर्षं आम्ही एका खोलीत पाहुण्यांसारखे झोपलो. ते कधी चिडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "पन्नाशी आली, आता कशाला हवंय ते? रामकुंडावर जाऊन बसत जा, मन रमेल." मी खरंच गेले हो एकदा. रामकुंडाचा काही दोष नाही, पण तिथे बसून आग थांबत नाही. दुसऱ्या डॉक्टर बाईच, म्हणून आशेने गेले. सोनोग्राफीत सगळं नॉर्मल, तरी म्हणाल्या, "पिशवी काढून टाकू, कटकटच नको." कटकट पिशवीची नव्हतीच! तिसरीकडे एकदाची चिठ्ठी मिळाली, पण ती हातात पडेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली होती.

ती चिठ्ठी मी अकरा दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. घराजवळच्या मेडिकलमधला मुलगा माझ्या लेकाच्या वर्गातला, म्हणून मुद्दाम तुमच्या गल्लीत आले. काउंटरला दोन पुरुष उभे. मी चिठ्ठी पालथी करून सरकवली. तुम्ही ती सुलटी केलीत, वाचलीत, आणि आवाज जराही खाली न आणता, खोकल्याच्या औषधाबद्दल बोलावं तसं म्हणालात, "ही क्रीम ना? मीपण हीच वापरते."

ताई, दोन वर्षांत कुणी मला "मीपण" म्हटलं नव्हतं. माझ्या सख्ख्या बहिणीनेसुद्धा "शी, काहीतरीच" म्हणून फोन ठेवला होता. त्या दोघांपैकी एकाने बाम मागितला, दुसरा मोबाइलच बघत राहिला. मी मात्र तिथेच रडायला लागले. तुम्ही स्टूल पुढे केलंत आणि गिऱ्हाइकांना बाम दिलात. मला सावरायला वेळ मिळावा म्हणून सावकाश सुटे मोजत बसलात, असं मला अजूनही वाटतं.

मग जे डॉक्टरांनी सांगायला हवं होतं, ते तुम्ही सांगितलंत. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते. घामाचे लोट बहुतेकींचे काही वर्षांत ओसरतात, हे मात्र आपोआप बरं होत नाही. ही क्रीम त्याच इस्ट्रोजेनची, जागेवरच काम करते, रक्तात फार थोडी जाते. आतल्या कागदावरचे इशारे वाचून घाबरू नका, त्यातले बरेचसे हार्मोनच्या गोळ्यांवरून आलेत. मग थांबून विचारलंत, "स्तनाचा कॅन्सर वगैरे काही? डॉक्टरांना सांगितलंय ना सगळं?" आणि पाळी गेल्यावर कधीही रक्त दिसलं तर लाजत बसायचं नाही, लगेच दाखवायचं, हेही बजावलंत.

जाताना ट्यूब तशीच हातात दिलीत. ना वर्तमानपत्राची गुंडाळी, ना काळी पिशवी. पंधराव्या वर्षापासून पॅडचं पाकीट लपवत घरी आणणारी मी, त्या दिवशी ट्यूब हातात घेऊन रिक्षात बसले. एखाद्याची लाज वाढू न देणं हे केवढं मोठं काम आहे! कुठल्या पाटीवर त्याची डिग्री लिहिलेली नसते. दोन पाट्या मी पाहून आलेच होते.

फरक पडायला काही आठवडे लागले. स्वतःच्याच अंगाला हात लावताना वाटणारी लाज आधी गेली, मग बाकीचं. श्रावणात आम्ही दोघं सोमेश्वरला गेलो, धबधब्यापाशी भिजलो, एकच कणीस दोघांत खाल्लं. पुढचं लिहीत नाही. तुम्ही चष्म्यावरून बघून हसाल.

गेल्या बुधवारी पुन्हा आले होते, तुम्ही नव्हता. तुमच्याकडच्या नव्या मुलाने ट्यूब घाईघाईने कागदात गुंडाळली. मी तिथेच ती कागदातून बाहेर काढली, कागदाची नीट घडी करून काउंटरवर ठेवली आणि त्याला म्हटलं, "हा राहू दे तुझ्याकडेच." तो गोंधळला. त्याला रागावू नका, फक्त सांगा.

तुमची,
चिठ्ठी पालथी देणारी गिऱ्हाईक