जपानी मजकूर चिनी वळणात छापला जातो: लेबल सॉफ्टवेअरबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पर्यायी फॉन्ट निवडताना होणारी चूक दुरुस्त करणे व वाया गेलेल्या लेबलांची भरपाई

महोदय/महोदया,

निर्यातीच्या हळद पावडरची लेबले आम्ही तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून ‘सांगली हळद’ हे नाव परदेशी पाकिटावरही देवनागरीत असते आणि त्याखाली जपानी मजकूर येतो. घोटाळा या जपानी मजकुरात होतो.

करून पाहा. विंडोज १०, भाषा इंग्रजी (भारत). नवी मजकूर चौकट घ्या, फॉन्ट निर्मला यूआय, आकार ८ पॉइंट. ‘थेट उन्हात ठेवू नये’ ही जपानी पाकिटांवरची नेहमीची सूचना त्यात चिकटवा. तिचे पहिलेच अक्षर युनिकोडमधले (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतले) यू+७६एफ४. जपानी वळणात त्याच्या डाव्या अंगाने उभी रेघ खाली येते आणि तळाशी उजवीकडे वळते. तुमच्याकडे ती रेघ गायब असते आणि वरची चौकट थेट तळाच्या लांब आडव्या रेघेवर बसते. हे चिनी वळण आहे. जपानी माणसाला अर्थ कळतो, पण अक्षर परके आहे हेही लगेच कळते. खाण्याच्या वस्तूवर ते आम्हाला अजिबात चालणार नाही.

निर्मलात कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी मूळची अक्षरे, नाहीत, तेव्हा दुसरा फॉन्ट शोधावा लागणारच. त्याबद्दल तक्रार नाही. पण युनिकोडने चिनी, जपानी, कोरियन मजकुरातल्या समाईक हान (चिनी मूळच्या) अक्षरांना एकच क्रमांक दिलेला आहे. कोणते वळण हवे ते क्रमांकावरून ठरत नाही, मजकुराची भाषा सांगावी लागते. तुमचे सॉफ्टवेअर ती सांगत नाही. पीडीएफच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी उघडली तर मायक्रोसॉफ्ट याहेई हा चिनी फॉन्ट दिसतो, यू गॉथिक हा जपानी फॉन्ट त्याच संगणकावर असूनही. हीच फाइल जपानी भाषेच्या विंडोजवर उघडली की अक्षरे बरोबर येतात. पीडीएफ केल्यावर मात्र फॉन्ट आतच भरला जातो, त्यामुळे चूक पुढे कुठेही सुधारत नाही.

तुमच्या मदत कक्षाने जपानी फॉन्टचा संच टाकायला सांगितले. टाकला; मेइर्यो हा आणखी एक जपानी फॉन्ट आला, निवड तीच राहिली. मग विंडोजचे सिस्टिम लोकेल जपानी करा म्हणाले. तसे केले तर आमच्या जुन्या आठ-बिट मराठी फॉन्टमधल्या फाइलींचा मजकूर बिघडतो, कारण युनिकोड नसलेल्या प्रोग्रामचे कोडपेजच (कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर हे ठरवणारा तक्ता) बदलते. एका लेबलासाठी सगळ्या कार्यालयाचे काम बिघडवणारा हा सल्ला कोणत्याही ग्राहकाला देऊ नये.

जपानी शब्द निवडून हाताने यू गॉथिक लावला की दुरुस्ती होते. पण एक्सेलमधून भरल्या जाणाऱ्या चौकटीत तुम्ही एकच फॉन्ट लावू देता. साठवणीची सूचना आणि देवनागरी नाव आमच्याकडे एकाच चौकटीत येते, म्हणून दर छपाईला चूक परत हजर. दोन रोल, म्हणजे ४,००० लेबले, त्यापायी रद्द करावी लागली.

आमची मागणी अशी: मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला भाषा ठरवता यावी, एक्सेलच्या चौकटीतसुद्धा, आणि ती फॉन्ट निवडणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचावी. पर्यायी फॉन्टचा क्रम आम्हाला लावता यावा. पीडीएफ करताना कोणत्या अक्षराला कोणता बदली फॉन्ट लागला त्याची सूचना दिसावी. एवढी एक सूचना असती तरी रोल वाचले असते.

दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत व कधी येईल ते १५ दिवसांत लेखी कळवावे आणि दोन रोलच्या छपाईचा खर्च द्यावा. मूळ फाइल, पीडीएफ आणि छापलेल्या लेबलाचा नमुना सोबत जोडला आहे.

आपले,
लेबल व छपाई विभाग,
हळद पॅकिंग युनिट, सांगली