नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी अमेरिकेत उभारलेल्या मंडळ्या: वाट दाखवणाऱ्या ताईंना आभाराचे पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांनी विस्कॉन्सिन आणि आयोवाच्या ग्रामीण भागात ज्या लुथरन (मार्टिन लुथरच्या पंथाच्या) मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे उपासकसमूह, स्थापन केल्या, त्यांच्या इतिहासावरचे माझे लेखन आता पूर्ण झाले आहे. ते तुमच्यामुळे झाले. घरगुती पत्रात आभार मानून मी मोकळा झालो असतो, परंतु तुम्ही जी मदत केलीत ती नेमकी काय होती हे चार वाचकांना कळावे आणि त्यानिमित्ताने या साध्या, कष्टाळू माणसांची ओळखही मराठीत व्हावी, या इच्छेने हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

मी सुरुवात केली होती ती सिनॉडांच्या इतिहासापासून, म्हणजे अनेक मंडळ्यांचे मिळून जे महासंघ बनले त्यांच्यापासून. कोणता महासंघ केव्हा झाला, केव्हा फुटला, अध्यक्ष कोण होते, हे सर्व मी टिपून ठेवले होते. तुम्ही तुमच्या पहिल्याच पत्रात लिहिलेत की पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, केव्हा आला हे विचारण्याआधी, तो येईपर्यंत लोकांनी काय केले ते पाहा. त्या एका सूचनेने लेखनाची सगळी मांडणीच बदलली. मी नगरकडच्या एका मंडळीत वाढलो. आमच्याकडे मिशनरी आधी आले आणि मंडळी नंतर उभी राहिली, त्यामुळे याच्या उलट क्रम असू शकतो हे माझ्या मनातही आले नव्हते.

४ जुलै १८२५ रोजी स्टॅव्हेंगर बंदरातून ‘रेस्टोरेशन’ हे लहानसे गलबत निघाले तेव्हा त्यावर ५२ माणसे होती, पण दीक्षित पाळक एकही नव्हता. त्यांच्यात क्वेकर, म्हणजे पाळकावाचून उपासना करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, होते, तसेच हान्स नील्सन हाउगे यांच्या प्रभावाखालचे लोकही होते. हाउगे हे शेतकऱ्याचे पुत्र. १७४१ च्या कायद्याने नॉर्वेत पाळकाच्या देखरेखीवाचून प्रार्थनासभा भरवण्यास मनाई होती. ती न जुमानता ते गावोगाव उपदेश करीत फिरले आणि त्यापायी त्यांना अनेक वर्षे तुरुंगवास घडला. तो कायदा १८४२ मध्ये रद्द झाला. स्वयंपाकघरात बसून शास्त्र वाचण्याची आणि शेजाऱ्यांना बोलावून प्रार्थना करण्याची सवय या लोकांना मायदेशातच लागलेली होती. अमेरिकेत त्यांच्या पेट्यांतून गीतांचे पुस्तक, प्रश्नोत्तरावली आणि प्रवचनांचा संग्रह उतरला, आणि पाळकाची वाट न पाहता रविवारची उपासना सुरू झाली. गाणे सांगणारा आणि आरंभीची व शेवटची प्रार्थना म्हणणारा क्लोकर आपल्यातूनच निवडायचा, सूर धरण्यासाठी साल्मोडिकॉन हे गजाने वाजवायचे एकतारी वाद्य घ्यायचे, आणि मूल दगावेल अशी भीती वाटली तर घरातल्याच कोणी त्याला बाप्तिस्मा द्यायचा. तुम्ही या गोष्टी इतक्या बारकाईने समजावून सांगितल्या नसत्या, तर मी ‘आरंभीची अडचणीची वर्षे’ असे दोन शब्द लिहून पुढे गेलो असतो.

विस्कॉन्सिनमधील मस्कीगो येथे नॉर्वेजियन लोकांची वस्ती १८३९ पासून होती. इव्हन हेग यांचे धान्याचे कोठार तिथले सभागृहही होते आणि उपासनेची जागाही. मुलांना शिकवण्यासाठी म्हणून क्लाउस लॉरिट्झ क्लाउसन हा डेन्मार्कचा तरुण तिथे आला. लोकांनी त्यालाच पाळक होण्याचा आग्रह केला आणि १८ ऑक्टोबर १८४३ रोजी एका जर्मन लुथरन पाळकाने त्याला दीक्षा दिली. पुढे ओकचे ओंडके तासून, आत अक्रोडाचे खांब उभारून त्यांनी चर्च बांधले आणि १३ मार्च १८४५ रोजी त्याचे समर्पण झाले. ती इमारत १९०४ मध्ये सेंट पॉल येथील लुथरन सेमिनरीच्या आवारात हलवण्यात आली आणि तिथे जतन करण्यात आली. मस्कीगोला हिवतापाने आणि पुढे पटकीने अनेक घरे ओस पाडली. तरीही १८४५ च्या जानेवारीत तिथल्या ८० जणांनी सही करून मायदेशी पत्र धाडले, की आम्ही इथे येऊन पस्तावलेलो नाही. लोक आजारी होते, कर्जात होते आणि त्याच सुमारास चर्चही बांधत होते. या तीन गोष्टी एकत्र ठेवून वाचा, असे तुमचे सांगणे होते, आणि माझ्या मते मस्कीगोचा खरा इतिहास तेवढाच आहे.

विस्कॉन्सिनमधल्याच कोशकोनाँग या वस्तीची कथा वेगळी. तिथे १८४४ मध्ये योहानेस विल्हेल्म ख्रिस्तियन डिट्रिक्सन हे विद्यापीठात शिकलेले, नॉर्वेच्या राजचर्चमध्ये, म्हणजे सरकारी चर्चमध्ये, दीक्षा घेतलेले पाळक आले. त्यांच्या प्रवासाचा खर्च क्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) येथील कापड रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याने उचलला होता. सप्टेंबरच्या आरंभी त्यांनी एक उपासना कोठारात आणि दुसरी ओकच्या झाडाखाली घेतली. मंडळीत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी चार प्रश्न विचारले: या मंडळीचे सभासद व्हायचे आहे काय, नॉर्वेच्या चर्चची शिस्त पाळाल काय, रीतसर दीक्षा न झालेल्या कोणालाही पाळक म्हणून स्वीकारणार नाही असे वचन देता काय, आणि हे सर्व मान्य असल्याची सही करता काय. नॉर्वेत माणूस जन्मतःच राजचर्चचा होई. इथे मात्र सभासद होण्यासाठी मनाशी ठरवून सही करावी लागली. डिट्रिक्सन स्वभावाने कडक होते आणि त्यांचे लोकांशी वारंवार खटके उडाले, पण नॉर्वेची जुनी शिस्त टिकवण्यासाठी त्यांनी जी वही पुढे केली, तिनेच शेतकऱ्यांच्या हाती निवडीचा अधिकार दिला. मला हे फार महत्त्वाचे वाटते आणि तुम्ही दाखवेपर्यंत ते माझ्या लक्षात आले नव्हते.

आता मंडळ्यांच्या नोंदवह्यांबद्दल. गॉथिक वळणाची, शाई फिकटलेली अक्षरे वाचायला तुम्ही मला एकेक अक्षर दाखवून शिकवलेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख, आईबाप आणि साक्षीदार एवढेच असते, पण ते साक्षीदार बहुधा नॉर्वेतल्या एकाच खोऱ्यातून आलेले असत. कोणाचे कोणाशी नाते, कोणाचा शेजार, कोणाचे भांडण मिटले, याचा माग त्या नावांवरून लागतो. एकच माणूस एका पानावर वडिलांच्या नावाने आणि दुसऱ्या पानावर मायदेशातल्या शेताच्या नावाने लिहिलेला असतो, हा उलगडा तुम्ही केला नसता तर माझ्या टिपणांत एका कुटुंबाची दोन कुटुंबे झाली असती. ज्या काळात त्या भागांत जन्ममृत्यूची सरकारी नोंद धड होत नव्हती, त्या काळाचा तोच पुष्कळदा एकमेव पुरावा आहे.

हिशेबाच्या वह्यांचेही तेच. राजचर्चमध्ये पाळक हा राजाचा अधिकारी. इथे त्याला बोलावणे धाडायचे, त्याचा पगार ठरवायचा आणि तो गोळा करायचा, हे सारे मंडळीनेच करायचे. नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट या सणांना लोक रांगेने वेदीपाशी जाऊन पाळकाचे आणि क्लोकरचे दान ठेवीत. पुढच्या पानांवर क्विन्डेफोरेनिंग, म्हणजे स्त्रियांचे मंडळ, दिसू लागते. विणलेले मोजे आणि शिवलेल्या गोधड्या लिलावात विकून या स्त्रियांनी घंटा आणि वेदीची चित्रे विकत घेतली, इमारतींची कर्जे फेडली. ज्या काळात बहुतेक मंडळ्यांच्या सभेत स्त्रियांना मत नव्हते, त्या काळातल्या या जमेच्या रकमा आहेत. त्यांच्या दानाचा काही भाग परदेशातील कार्यासाठीही जाई. लार्स ऑल्सन स्क्रेफ्सरूड आणि हान्स पीटर बोरेसन यांनी १८६७ मध्ये संथाळ परगण्यात, बेनागडिया येथे सुरू केलेल्या मिशनलाही या नॉर्वेजियन-अमेरिकन मंडळ्यांनी हातभार लावला. प्रेअरीवरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरच्या, शेतकरणींनी जमवलेला पैसा आजच्या झारखंडात पोचत होता, हे वाचून माझे मन भरून आले.

फुटींबद्दल मी थोडक्यात लिहिले आहे, कारण त्यांचे वृत्तान्त इतरत्र भरपूर मिळतात. १८५३ मध्ये नॉर्वेजियन सिनॉड स्थापन झाला. १८६१ मध्ये त्याच्या पाळकांनी गुलामगिरी हे स्वतःहून पाप नाही अशी भूमिका घेतली तेव्हा सामान्य सभासदांनी विरोध केला, आणि अखेरीस क्लाउसन यांनी सिनॉड सोडला. १८८० च्या दशकात देवाच्या पूर्वनिवडीच्या, म्हणजे तारणासाठी देव माणसांना आधीच कसा निवडतो या, प्रश्नावरून तर घरे दुभंगली. १८८३ च्या गुड फ्रायडेला विस्कॉन्सिनमधील नॉर्वे ग्रोव्ह येथे खुद्द सिनॉडचे अध्यक्ष हर्मन आम्बर्ग प्रोइस यांना मंडळीने चर्चबाहेर काढले. दुरून पाहणाऱ्याला हा हेकटपणा वाटेल. मला तसे वाटत नाही. स्वतःच्या हातांनी चर्च बांधणारा आणि पाळकाला पगार देणारा शेतकरी सिद्धान्ताच्या बाबतीतही आपले मत मांडणारच. १९१७ मध्ये तीन मोठे महासंघ एकत्र आले, तेही या मंडळ्यांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी दीर्घकाळ वाद घातल्यावरच.

एकीकरणाच्या पुढच्याच वर्षी, मे १९१८ मध्ये, आयोवाच्या गव्हर्नरांनी सार्वजनिक ठिकाणी आणि उपासनेतही इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास बंदी घातली. पहिले महायुद्ध चालू होते आणि ते जर्मनीशी होते, पण तोंड बंद झाले नॉर्वेजियन बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचेही. त्या काळातील सभांचे वृत्तान्त तुम्ही मला वाचून दाखवलेत तेव्हा मध्येच थांबून म्हणालात, की या माणसांना इंग्रजी येत नव्हते असे नाही, पण प्रार्थना त्यांना त्या भाषेत येत नव्हती. हे वाक्य मी तुमच्या परवानगीने प्रकरणात घेतले आहे.

तुम्ही यासाठी एक पैसाही घेतला नाहीत. आजारपणातही टिपणे तपासून पाठवलीत, आणि माझ्या लेखनात आपले नाव घालू नये असे बजावलेत. ती इच्छा मी मोडलेली नाही. कोशकोनाँगवरील प्रकरणाची छापील प्रत सोबत पाठवत आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदींतील शेतांची नावे मी देवनागरीत जशी लिहिली आहेत, त्यांचे उच्चार बरोबर आहेत ना, हे सवडीने पाहून कळवावे. दुसऱ्या आवृत्तीत त्याप्रमाणे बदल करीन. प्रकृतीला जपावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
नगरचा आपला विद्यार्थी