रविवारची राईड : या वेळी गडाला उलट्या बाजूनं

सर्व सायकलस्वार सभासदांना नमस्कार.

गेल्या दीड महिन्यात रविवारची हजेरी निम्म्यावर आली आहे. कारण विचारलं की बहुतेक जण एकच सांगतात, "तोच रस्ता, कंटाळा आलाय." खरं आहे. बेळगावातून वडगाव, यळ्ळूर, राजहंसगड आणि त्याच वाटेनं परत. कुठला खड्डा कुठं आहे हेसुद्धा पाठ झालंय.

म्हणून येत्या रविवारी फेरी उलटी करायची. सकाळी ६ वाजता आरपीडी क्रॉसवरून निघून पिरनवाडी, मच्छे, देसूरमार्गे गड गाठायचा आणि यळ्ळूरकडून उतरायचं. मागच्या आठवड्यात मी एकटाच तसा जाऊन आलो. एरवी मान खाली घालून चढताना जे शिवार पाठीमागं राहायचं, ते उतरताना समोर पसरलं होतं. भात पोटरीला आलंय, बासमतीचा वास रस्त्यापर्यंत येतो. मी दोनदा थांबलो. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर कधी थांबलो नव्हतो.

मोबाईलवरचं ॲप या दिवशी बंद ठेवा, ही कळकळीची विनंती. वेग आणि वेळ मोजण्याच्या नादातच निम्मा कंटाळा येतो, असं माझं मत आहे. वर सिद्धेश्वराच्या देवळापाशी सगळे येईपर्यंत थांबायचं.

उतार तीव्र आहे. ब्रेक शनिवारीच तपासा. हेल्मेटशिवाय कुणालाही सोबत घेणार नाही. उप्पीट-चहा यळ्ळुरात.

पुढच्या रविवारी बेळगुंदीमार्गे राकसकोप जलाशय. येणाऱ्यांनी शनिवारी रात्री ८ पर्यंत कळवावं.