ताई, गोदामाची किल्ली माझ्या हाती दिलीत म्हणून

आदरणीय ताई,

हे पत्र तुमच्या एकटीच्या नावे पाठवता आलं असतं. तरी सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण सेवाभावी संस्थेत काम करावंसं वाटणारी तरुण मुलं-मुली मला सतत विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ जे काही आहे, ते तुमच्याकडून आलेलं आहे.

पुरानंतरच्या त्या छावणीत आम्ही स्वयंसेवक उतरलो, तेव्हा कुणाला काय करायला आवडेल हे तुम्ही विचारलंच नाहीत. काय येतं, एवढंच विचारलंत. मला हिशेब येत होता, म्हणून तुम्ही मला गोदाम दिलंत. आलेल्या प्रत्येक ट्रकची नोंद, ताडपत्र्या आणि पाण्याचे कॅन मोजून घेणं, वाटपाच्या यादीवर सही किंवा अंगठा, आणि संध्याकाळी शिल्लक माल रजिस्टरशी ताडून पाहणं. यादीत एक कुटुंब दोनदा आलं, तर छावणीच्या अगदी टोकाला राहणाऱ्या, रांगेत उभं राहू न शकणाऱ्या आजींचं ब्लँकेट जातं, हे तुम्ही मला यादीवर बोट ठेवून दाखवलंत. त्या दिवसापासून हिशेब हे माझ्यासाठी माणसांचं काम झालं.

मग तुम्ही मला गोदामाबाहेर काढून पाण्याच्या रांगेत नेलंत. जगभरच्या मदतकार्यात वापरली जाणारी स्फिअर मानकं मी तिथे शिकले. माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, एका नळामागे जास्तीत जास्त 250 माणसं, एका शौचालयामागे 20, निवाऱ्यात माणशी किमान 3.5 चौरस मीटर जागा, आणि पाण्यासाठी अर्ध्या तासाहून जास्त ताटकळावं लागू नये. हे आकडे पाठ करून घ्यायची तुम्हाला हौस नव्हती. घड्याळ हातात देऊन रांगेतल्या शेवटच्या बाईला किती वेळ लागतो ते मोजायला लावलंत. पाण्याच्या नमुन्यात तपासणीची गोळी टाकून गुलाबी रंग किती येतो ते पाहायचं आणि लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे ना, याची नोंद करायची, हेही तिथलंच शिक्षण.

शौचालयांची संख्या कागदावर बरोबर होती, तरी रात्री बायका तिकडे जात नव्हत्या. तुम्ही त्यांच्यात जाऊन बसलात. आतून कडी नाही आणि वाटेवर दिवा नाही, एवढंच कारण निघालं. कड्या बसल्या, दिवे लागले. पुढे मी कुठल्याही देशात, कुठल्याही छावणीत गेले तरी आधी कडी आणि दिवा पाहते.

आमच्यातल्या काहींना जवळच्या अनाथाश्रमात काही आठवडे मुलांशी खेळायला जायचं होतं. त्यांच्या मनात मायाच होती. तुम्ही मात्र ठाम नकार दिलात. अशा संस्थांतल्या पुष्कळ मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक, हयात असतात. गरिबीमुळे मूल तिथे आलेलं असतं. पाहुण्यांच्या देणग्यांवर संस्था चालायला लागली की मुलं तिथे असण्यातच कुणाचा तरी फायदा होतो, आणि दर महिन्याला नवा ताई-दादा येऊन जीव लावून निघून जातो. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे होणारी हानी रोखायला सांगितलं, तेव्हा मला तुमचा तो नकार आठवला.

भिंती बांधायला निघालेल्या उत्साही मंडळींनाही तुम्ही असंच थांबवलंत. गावात गवंडी आहेत, पुरात त्यांचा रोजगार गेला आहे, ते काम त्यांचं आहे, असं म्हणालात. प्रवास करून सेवा करायला निघालेल्यांना, विशेषतः त्यासाठी भरपूर शुल्क मोजणाऱ्यांना, मी आज हेच विचारायला सांगते: तुम्ही गेला नाहीत तर हे काम तिथलं कोण करेल, आणि तुमचे पैसे नेमके कुणाच्या हातात जातात?

एका रात्री तुम्ही 1920 सालची गोष्ट सांगितली होती. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधल्या व्हर्दांजवळच्या एन या गावात स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक घेऊन गेले. कालपर्यंतच्या शत्रुराष्ट्राचे, जर्मनीचे तरुणही त्यांत होते. त्यांनी ढिगारे उपसले, तात्पुरती घरं उभी केली. पण जर्मन माणसं गावात असण्याला विरोध झाला आणि काम सोडून निघावं लागलं. त्या प्रयत्नातूनच आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांची परंपरा सुरू झाली. तुम्ही ही गोष्ट त्या शेवटासाठी सांगितलीत असं मला वाटतं. चांगल्या हेतूने आलेल्यालाही गावाचं "नको" ऐकावं लागतं, आणि ते ऐकून पुन्हा वेगळ्या पद्धतीने उभं राहता येतं.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत. तिच्याबद्दल आपल्या क्षेत्रात फार कमी बोललं जातं. पगार मागायला मी संकोचत होते. सेवेचे पैसे कसे घ्यायचे? तुम्ही म्हणालात की पंप दुरुस्त करणारा मिस्त्री मजुरी घेतो, डॉक्टर घेतात, मग वर्षानुवर्षं हिशेब सांभाळणारीने उपाशी का राहावं? संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवकांनाही निर्वाह भत्ता मिळतो, हे तुम्हीच दाखवून दिलंत. घरभाडं भरता आलं नाही तर चांगले कार्यकर्ते दोन वर्षांत दमून निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा अनुभवही जातो. मी या कामात टिकले त्याला तुमचं हे बोलणं फार मोठं कारण आहे.

ताई, माझी पहिली पगारी नेमणूक तुमच्या शिफारसपत्रावर झाली. त्यात कौतुकाचे शब्द थोडेच होते. मला काय येतं ते तुम्ही लिहिलं होतंत: गोदाम, वाटपाच्या याद्या, पाण्याची तपासणी. आणि काय अजून शिकायचं आहे तेही: निधीचे अहवाल लिहिणं, स्थानिक भाषा. मुलाखत घेणाऱ्यांनी त्या दुसऱ्या यादीवरूनच मला ठेवून घेतलं, कारण त्यामुळे पहिल्या यादीवर त्यांचा विश्वास बसला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. अहवाल आता मी लिहिते. भाषाही जिथे जाते तिथली थोडीफार शिकते. त्या पत्राबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते, ते आज मनापासून मानते.

आपली,
गोदाम सांभाळणारी एक स्वयंसेविका