ईस्टर्न अव्हेन्यूच्या अलीकडे

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, फोनवर सांगितलेलं विसरायला होतं, म्हणून तुम्ही दोघं इकडे यायच्या आधी लिहून पाठवते. आपलं टॅकोमा पार्क मेरीलँड राज्यात, पण वॉशिंग्टनला अगदी चिकटून आहे. ईस्टर्न अव्हेन्यू ओलांडली की राजधानी. मध्ये फाटक नाही की रेघ नाही, आणि नवख्याचा घोळ होतो तो इथेच. पलीकडच्या वस्तीचं नावही टॅकोमाच, नुसतं 'पार्क' नाही. रस्तेसुद्धा तेच, फक्त आडनाव बदलतं: डीसीत, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये, कॅरोल स्ट्रीट, मेपल स्ट्रीट, आपल्याकडे कॅरोल अव्हेन्यू, मेपल अव्हेन्यू. तिकडच्या पत्त्याला 'एनडब्ल्यू' (वायव्य) लागतं आणि पिनकोड 20012. आपला 20912. टॅक्सीसाठी पत्ता टाकताना 'मेरीलँड' आणि पिनकोड दोन्ही घाला.

आणीबाणीत 911 लावलात तर पहिलं वाक्य 'टॅकोमा पार्क, मेरीलँड' हेच, मग घर नंबर. मोबाइल पलीकडचा टॉवर पकडतो आणि फोन डीसीच्या केंद्रात जाऊ शकतो. तसं झालं तर ते इकडे जोडून देतात, तोवर फोन ठेवायचा नाही. कॅरोल अव्हेन्यूवरचं मोठं हॉस्पिटल 2019 साली व्हाइट ओकला गेलं. जुने लोक अजून जुन्याच इमारतीकडे बोट दाखवतील.

आपलं मेट्रो स्टेशन डीसीच्या हद्दीत आहे, नाव 'टॅकोमा', रेड लाइन. शहरातून परतताना 'ग्लेनमाँट' पाटीची गाडी घ्या. फोर्ट टॉटन गेलं की उठा. सिल्व्हर स्प्रिंग आलं तर एक स्टेशन पुढे गेलात. 65 पूर्ण झालेल्यांना अर्धं भाडं पडतं, पण त्यासाठी ज्येष्ठांचं वेगळं कार्ड काढावं लागतं, साध्या कार्डावर पूर्ण पैसे कापले जातात. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, 'राइड ऑन' बसला 2025 पासून तिकीटच नाही.

हॉटेलात जेवलात तर पलीकडे डीसीत बिलावर 10 टक्के कर, इकडे मेरीलँडात 6.

रविवारी 10 ते 2 लॉरेल अव्हेन्यूवर शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आई, तुला आवडेल, कापडी पिशवी घेऊन जा. पण अशा ठिकाणी हातात कागद घेऊन सह्या गोळा करणारे भेटतात आणि फार गोड बोलतात. मतदार नोंदणीच्या कुठल्याही कागदावर दोघांनीही सही करायची नाही. या गावात नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही नगरपालिकेसाठी मत देता येतं, 2013 पासून तर 16 वर्षांच्या मुलांनाही. त्यामुळे कोणी सहज म्हणेल, 'मग तुम्हीही करा की!' तुम्ही व्हिजिटर व्हिसावरचे पाहुणे, रहिवासी नाही. शिवाय नागरिक नसलेल्यांची नोंद नगरपालिकेकडे वेगळी होते. राज्याच्या अर्जात मात्र 'मी अमेरिकेचा नागरिक आहे' असं लिहिलेलं असतं, आणि त्याखाली सही गेली की पुढचा व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळंच धोक्यात. चाळीशी न लावता सह्या करायची सवय आहे तुम्हाला, बाबा, म्हणून एवढं लांबवलं.

अंगणातल्या झाडाच्या फांद्यांवरून शेजाऱ्यांशी बोलू नका. 24 इंच किंवा जास्त घेराचं झाड नगरपालिकेच्या परवान्याशिवाय तोडता येत नाही, आणि इथे झाडांवरून माणसं खरंच भांडतात. 'अण्वस्त्रमुक्त क्षेत्र' ही पाटी थट्टा नव्हे, 1983 चा ठराव आहे. मेपल अव्हेन्यूजवळ लोखंडी कुंपणात एक दगड दिसेल: राजधानीची हद्द आखताना मैला-मैलावर रोवले त्यांतला, 1792 चा. बाबा, तो तुमच्यासाठी राखून ठेवलाय.

तिकीट निघालं की विमानाचा नंबर कळवा. डलस विमानतळावर उतरत असाल तर बॅगा घेऊन मेट्रोने येऊ नका, मी गाडी घेऊन येते.

तुमची लेक