बाबांचं बिऱ्हाड न हलवता

डब्लिन, जानेवारी

प्रिय मन्या,

तुझा स्क्रीनशॉट पाहिला. लॅपटॉपवरची उबुंटू 22.04 ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्या आवृत्तीचं विचारतेय आणि तू 'हो'वर बोट ठेवून बसलायस. आधी बोट काढ! तशी घाई नाही, 22.04ला एप्रिल 2027पर्यंत अपडेट मिळतात. पण तुझ्या प्रोजेक्टला पायथन 3.12 हवं असेल तर 24.04 घे, त्यात ते येतंच.

फक्त त्या लॅपटॉपवर उबुंटू आणि विंडोज अशी दोन बिऱ्हाडं आहेत हे विसरू नकोस. पलीकडे विंडोजमध्ये बाबांचे सोसायटीचे हिशोब आहेत. म्हणून आधी त्यांचं फोल्डर आणि तुझं होम फोल्डर टीव्हीखालच्या खणातल्या हार्डडिस्कवर घे, आणि कॉपी झालेल्या दोन-तीन फायली उघडून बघ.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. तो चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव. मी इथे पहिल्या वर्षी हे केलं नाही. अपग्रेड छान झालं, विंडोज उघडलं तर निळा पडदा की मागत बसला. रात्रीचे अकरा, सकाळी प्रेझेंटेशन. शेवटी ती सापडली मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर, आणि ते अकाउंट कॉलेजातल्या जुन्या मेलला जोडलेलं. त्या मेलचा पासवर्ड आठवेपर्यंत दोन वाजले.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद कर. ते चालू असलं की शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि तशात उबुंटूमधून बाबांच्या ड्राइव्हवर काही लिहायला गेलास तर फायली बिघडू शकतात.

पेनड्राइव्हवरून नव्याने बसवायच्या भानगडीत पडू नकोस. तिथे 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय असतो, तो बाबांनाही रस्त्यावर आणेल. आहे त्यातूनच अपग्रेड कर. कमांड व्हॉट्सॲपवर पाठवते, जशाच्या तशा पेस्ट कर. चार्जर लावून ठेव, आणि कऱ्हाडात लाईट जायचा वार टाळ. मध्येच ते विचारेल, ही फाईल जुनी ठेवू की नवी घेऊ? ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाईलला जुनीच ठेव म्हण. लॅपटॉप सुरू होताना विंडोज आपोआप निवडलं जावं, ही बाबांसाठी केलेली सोय तिच्यात आहे.

एवढं करूनही सुरुवातीच्या यादीतून विंडोज गायब झालं तर बाबांना हाक मारू नकोस, मला मार. ते पुसलं गेलेलं नसतं. नव्या ग्रबमध्ये शेजारची सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो, तेवढाच चालू करावा लागतो. तोवर मशीनच्या बूट मेनूतून विंडोज उघडतं.

राहिलं ते घड्याळ. विंडोजमध्ये साडेपाच तास मागची वेळ दिसते, ती दुरुस्त करू का असं तू विचारलंस. उबुंटू मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली समजतं, एवढाच घोळ आहे. एका कमांडचं काम. पण काल आई म्हणाली, बाबा तेच घड्याळ बघून मला फोन करतात. हिवाळ्यात इथे नेमकी तीच वेळ असते ना! तेव्हा राहू दे तसंच. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातील, तेव्हा मीच सांगेन त्यांना.

तुझी,
ताई